वरची नळी, खालची नळी

माझ्या मोठ्या दिरांनी आयुष्यात एकही रानडुक्कर मारलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणारा उगीच आशा लावून बसणार नाही. बंदूक मात्र त्यांनी अशी मिळवली की तालुक्यात तशी दुसरी नव्हती. एकात दोन. वरची नळी छऱ्यांची, बारा बोअर. खालची नळी रायफलची. जवळचं जनावर वरच्या नळीने मारायचं, लांबचं खालच्या. अशी बंदूक हातात असताना जनावर न मरणं हे सोपं काम नाही, पण आमच्या दादांनी ते करून दाखवलं.

मी लग्न होऊन वडप्याला आले तेव्हा घरापुढे हायवे होता आणि मागे भाताची खाचरं. बघता बघता खाचरांची गोदामं झाली. भाडं आपसूक येऊ लागलं आणि घरातले लोक आपापल्या वाटेला लागले. माझ्या नवऱ्याने ट्रान्सपोर्टचं काम धरलं. माझं माहेर भिवंडी गावातलं, तिथल्याच शाळेत मी विज्ञान शिकवत होते, ते चालू ठेवलं. मोठ्या जाऊबाईंनी घर आणि उरलेली शेती दोन्ही अंगावर घेतलं. दादांच्या वाट्याला नुसता मोठेपणा आला, आणि तो त्यांनी मन लावून केला. वाढदिवसाला नाक्यावर बॅनर, बॅनरवर गॉगल घातलेले दादा, आणि खाली शुभेच्छुक म्हणून छापलेली ढीगभर तोंडं. छपाई दादांचीच. शुभेच्छुकांना आपला फोटो लागलाय हे बहुधा बॅनर बघूनच कळायचं.

विकता किंवा भाड्याने देता न आलेलं एकच शेत राहिलं होतं. गणेशपुरीकडे जाणाऱ्या रस्त्यापासून आत, डोंगराच्या पायथ्याला. त्याला ट्रक जाईल असा रस्ता नव्हता, म्हणून कुणी गोदामासाठी मागितलं नाही. दादा मात्र सगळ्यांना सांगत, "बापजाद्यांची एक तरी आठवण ठेवली पाहिजे." त्या आठवणीत जाऊबाई पावसाळाभर चिखलात उभ्या असत. मदतीला शेजारच्या पाड्यावरची एक वारली म्हातारी आणि तिची सून येत. शेताच्या एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दुसऱ्यांची गोदामं, आणि पलीकडच्या टोकाला, ओढ्याच्या पार, आमचंच एक मोठं गोदाम. डोंगरातून रानडुकरं उतरायची. भात तयार झालं की एका फेरीत निम्मं खाचर लोळवून जायची.

सासरे होते तोवर याच्यावर उपाय साधा होता. त्यांच्याकडे पीकसंरक्षणाच्या लायसनवर एकनळी बंदूक होती. भात पिवळं पडायला लागलं की ते संध्याकाळी बांधावर जाऊन हवेत एक बार काढत आणि घरी येऊन चहा पीत. डुकरं काही दिवस फिरकत नसत. परत आली की परत एक बार. त्या बंदुकीने कुणाला खरचटलंही नाही. सासरे गेले, वारसाने लायसन दादांच्या नावावर झालं, आणि एका हळदीत कुणीतरी विचारलं, "दादा, अजून ती काठीच वापरता काय?"

झालं. दादांना रायफल हवी झाली.

माझ्या माहेरच्या ओळखीतले एक शेठ भिवंडीत आहेत. लूमचे मालक. त्यांच्या वडिलांना, शिकार चालायची त्या काळात, शिकारीचा नाद होता. शेठ स्वतः फक्त नेमबाजीच्या रेंजवर जातात, कागदाला भोकं पाडतात आणि समाधानाने घरी येतात. वडिलांची एक बंदूक त्यांना काढून टाकायची होती. दादांच्या कानावर आलं आणि एका रविवारी शेठ आमच्या हॉलमध्ये बंदूक सोफ्यावर आडवी ठेवून बसले. चॉकलेटी दस्ता, त्यावर कोरलेली हरणं, एकावर एक दोन नळ्या. दादा तिच्याकडे असे बघत होते की जाऊबाईंनी चहाचा ट्रे मुद्दाम मधे आणून ठेवला.

"देखो दादा," शेठ म्हणाले, "चीज अच्छी है. लेकिन झंझट भी है. पहले सुन लो."

"झंझट कसली? दोन बंदुका एकात," दादा म्हणाले.

शेठनी समजावून सांगितलं. त्यांच्या वडिलांच्या वेळी माणूस जंगलातून पायी चालत जायचा. पुढे काय उठेल याचा नेम नसायचा. तितर उठला तर वरची नळी, लांब सांबर दिसलं तर खालची. दोन बंदुका खांद्यावर वागवायला नकोत, नोकर नको, आयत्या वेळी बदलाबदल नको. बोट फक्त पुढच्या चापावरून मागच्या चापावर न्यायचं.

जाऊबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांनी विचारलं, "आता तितर मारला तं काय होतं?"

"जेल," शेठ म्हणाले.

"आनि सांबर मारला तं?"

"जादा जेल."

"म्हंजे वरच्या नळीनं एक जेल, खालच्या नळीनं दुसरी. बरी हाय."

शेठ हसले. दादा हसले नाहीत. ते म्हणाले, "डुकराला परवानगी मिळते. पिकाचं नुकसान दाखवलं की वनखातं देतं."

"मग डुकराला एक नळी बास न्हाय काय?"

यावर दादांनी जे उत्तर दिलं ते मी विसरणार नाही. ते म्हणाले, "तुला त्यातलं कळत नाही. डुक्कर कधी जवळ असतं, कधी लांब."

शेठ पुढे तोटे सांगत राहिले, आणि खरं सांगायचं तर इतक्या प्रामाणिकपणे माल विकणारा माणूस मी भिवंडीत दुसरा पाहिला नाही. प्रत्येक नळीत एकच काडतूस. दोन बार झाले की बंदूक उघडून पुन्हा भरायची, तोवर जनावर शहापूरला. वजन जास्त. दोन्ही नळ्या एकाच ठिकाणी मारतील असं नाही. खालची जुळवावी तर वरची फटकते. घाईत चाप कुठला ओढतोय याचा गोंधळ होतो, त्यांच्या वडिलांचा पण व्हायचा. आणि खालच्या नळीची काडतुसं आता सहज मिळत नाहीत. होती ती फार जुनी. "एक काम के लिए एक बंदूक, बस," शेवटी ते म्हणाले. दादांनी फक्त 'अच्छी चीज है' एवढंच ऐकलं होतं.

बंदुकीच्या आधी तिची एक जुनी इंग्रजी पुस्तिका घरी आली. घरात इंग्रजी वाचणारी मी, त्यामुळे ती मराठीत सांगायचं काम माझ्याकडे. रात्रीची भांडी झाली की दादा समोर बसत आणि मी परदेशातल्या कुठल्याशा थंड जंगलात कोल्हा, ससा आणि हरीण एकाच सकाळी कसे मारावेत हे त्यांना सांगत असे. पुस्तिका वाईट नव्हती. ज्या देशात एकाच माणसाला एकाच फेरफटक्यात तिन्ही मारायची मुभा असेल, तिथे ही बंदूक सोयीचीच. फक्त एक गोष्ट पुस्तिकेत सारखी यायची: रायफलची गोळी फार लांब जाते, म्हणून जनावरामागे मातीचा चढ असल्याशिवाय बार काढू नये. हे वाक्य मी दादांना दर वेळी सांगितलं. ते दर वेळी म्हणाले, "पुढचं वाच."

मग लायसनवर चढवण्याची पाळी. माझा नवरा सोबत गेला होता, त्याने येऊन सांगितलं ते असं. टेबलामागच्या बाईंनी विचारलं, "रायफल का बारा बोअर?"

दादा म्हणाले, "दोन्ही."

"म्हणजे दोन हत्यारं?"

"नाही, एकच."

"मग दोन्ही कसं?"

दादांनी मोबाईलवर फोटो दाखवला. बाईंनी तो मोठा करून, बारीक करून, फिरवून बघितला आणि पलीकडच्या टेबलावर विचारलं, "ओ, एकाला दोन नळ्या असल्या तर काय लिहायचं?" पलीकडचे गृहस्थ म्हणाले, "जेवण झाल्यावर बघू." ते बघणं पुढच्या पावसाळ्यापर्यंत चाललं. तेवढ्यात दादांनी जितक्या चकरा मारल्या तितक्या जर शेताच्या बांधावर मारल्या असत्या तर डुकरं त्यांना बघूनच कंटाळली असती.

बंदूक अखेर घरी आली ती दसऱ्याच्या आधी. खंडेनवमीला कोयता, विळा, पहार यांच्या ओळीत तिला मांडलं. जाऊबाईंनी सगळ्यांना हळदकुंकू लावलं. बंदुकीपाशी आल्यावर म्हणाल्या, "हिला एकदा लावू का दोनदा?" त्याच आठवड्यात नाक्यावर नवा बॅनर लागला. दादा, गॉगल, आणि खांद्यावर दोन नळ्या. दोन दिवसांत पोलीस ठाण्यातून फोन आला की असले फोटो लावायचे नसतात. बॅनर उतरला आणि त्या जागी ट्रॅक्टरवर बसलेले दादा आले. ट्रॅक्टर त्यांना चालवता येत नाही, पण त्याबद्दल पोलिसांचं काही म्हणणं नव्हतं.

शेठ त्यांना एकदा रेंजवर घेऊन गेले. परतले तेव्हा दादांचा उजवा खांदा वांग्याच्या रंगाचा झाला होता. जाऊबाई तेल चोळता चोळता म्हणाल्या, "कोन हानला तुमाला?"

"बंदूक मागे येते जरा," दादा म्हणाले.

"पुढं काय गेलं काय?"

दादांनी डोळे मिटून घेतले.

त्या वर्षी भात चांगलं आलं होतं आणि डुकरांनाही ते समजलं होतं. ओढ्याकडचं खाचर एका पहाटे पार आडवं झालं. पाड्यावरची म्हातारी बांधावर बसून लोळलेल्या लोंब्या वेचत होती. दादांनी फोटो काढले, पंचनामा झाला, अर्ज गेला आणि परवानगी आली. अट अशी की वनरक्षक हजर पाहिजे, आणि मेलेलं जनावर वनखात्याच्या ताब्यात द्यायचं, ते पुरून टाकणार. म्हातारीला हे कळलं तेव्हा तिचा विश्वासच बसेना.

"मारायचा आनि खायचा न्हाय?" तिने मला विचारलं.

"नाही."

"पुरायचा?"

"हो."

"मंग जित्ताच काय वाईट होता?" ती म्हणाली आणि लोंब्या वेचू लागली. तिचा डुकराशी काही जिव्हाळा नव्हता. तिला मटण हवं होतं आणि ते मिळणार नाही याचा राग होता. मला त्या सगळ्या प्रकरणात तेवढीच एक सरळ गोष्ट वाटली.

आम्ही गेलो ती मंडळी अशी: दादा, माझा नवरा, शेठ, वनरक्षक म्हणून आलेली एक तरुण मुलगी, जाऊबाई आणि मी. बायकांनी कशाला यायचं, असं दादांनी विचारलं होतं. जाऊबाई म्हणाल्या, "शेत माजं हाय, नवरा पन माजाच हाय. दोगांतला एक तरी धड परत आनायचा हाय मना." आणि मला म्हणाल्या, "तू पन चल. इंग्रजीत काय लागलं तं."

उजाडत होतं. दव पडून बांध निसरडे झाले होते. दादांनी अंगात पानापानांच्या नक्षीचे शिकारी कपडे घातले होते. ते त्यांनी मोबाईलवरून मागवले होते. पार्सलवर बघितलं तर ते आमच्याच ओढ्यापलीकडच्या गोदामातून निघालेलं; तिथून कुठेतरी लांब फिरून पुन्हा आमच्याच दारात पोहोचलेलं. पायात पांढरे बूट होते, त्यामुळे कमरेच्या वर दादा जंगलात दिसेनासे होत आणि खाली लख्ख दिसत.

आम्ही उंबराच्या झाडाखाली बसलो. वनरक्षक मुलीने कुणी बोलायचं नाही म्हणून सांगितलं. शेठनी दादांच्या कानाशी लागून पुन्हा एकदा सांगितलं, पुढचा चाप वरची नळी, मागचा चाप खालची. दादांनी मान हलवली. ओठ हलत होते. माझ्या वर्गात परीक्षेच्या आधी मुलांचे हलतात तसे.

डुकरं आली. आधी भातात सळसळ, मग एक मोठा काळा पाठीचा उंचवटा, त्यामागे लहान दोन-तीन. मी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहत होते. घाबरले, आणि खरं सांगते, थोडं छानही वाटलं. मोठं डुक्कर निवांत होतं. घरच्या ताटावर बसल्यासारखं खात होतं.

दादांनी बंदूक उचलली. डुक्कर जरा लांब होतं, म्हणून बोट मागच्या चापावर गेलं. तेवढ्यात डुक्कर आमच्या दिशेने आलं. आता जवळ. बोट पुढच्या चापावर. डुक्कर थांबलं, वळलं, ओढ्याकडे चालू लागलं. बोट पुन्हा मागे. बंदुकीचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे निवड करता येते, असं पुस्तिकेत लिहिलं होतं. दादा निवड करत होते. डुकराने तोवर भाताचा एक पूर्ण चूड संपवला.

मग ते ओढ्याच्या काठावर जाऊन आडवं उभं राहिलं. दादांनी श्वास रोखला. मी डुकराच्या पलीकडे पाहिलं. ओढ्याच्या पार आमचं गोदाम, गोदामापुढे शिफ्टची बस नुकतीच येऊन थांबलेली, आणि बसमधून माणसं उतरत होती. गळ्यात कार्ड, हातात डबे.

"पीछे!" शेठ एकदम ओरडले. "पीछे क्या है, देखो!"

वनरक्षक मुलगी उठून धावली. पण चाप ओढला गेला होता.

टक् असा आवाज आला. एवढाच. खालच्या नळीतलं काडतूस फुटलंच नाही. शेठच्या वडिलांच्या वेळचं ते काडतूस इतकी वर्षं डब्यात सादळून बसलं होतं. दादा दचकले आणि दचकून पुढचा चापही ओढला गेला. बंदुकीचं तोंड एव्हाना खाली झुकलं होतं. धडाम् आवाज झाला, आमच्या पुढ्यातल्या चिखलात खड्डा पडला आणि जाऊबाईंच्या पातळावर, शेठच्या चष्म्यावर, माझ्या तोंडावर, सगळीकडे चिखल उडाला.

वनरक्षक मुलीने बंदूक दादांच्या हातातून काढून घेतली. तोंड डोंगराकडे करून थोडा वेळ तशीच धरून ठेवली, मग उघडली आणि दोन्ही काडतुसं बाहेर काढली. एक रिकामं, एक भरलेलं. भरलेल्याच्या बुडाशी घोड्याच्या ठोक्याची खूण उठली होती. तिने ते दादांच्या समोर धरलं.

"हे उडालं असतं तर?" तिने विचारलं.

दादा बसची माणसं बघत होते. ती माणसंही आवाज ऐकून आमच्याकडे बघत होती, एकाने तर हात केला.  दादांनी दोन्ही हात शिकारी कपड्यांच्या खिशात खोल घातले आणि बांधावरच बसले. जाऊबाईंनी ते पाहिलं. पदराने चिखल पुसला आणि नवऱ्याच्या शेजारी जाऊन बसल्या.

इथे हे संपायला हवं होतं. पण आवाजाने डुकरं बिथरली होती. लहान डोंगराकडे गेली. मोठं मात्र ओढा ओलांडून सरळ समोर पळालं, बसला वळसा घालून, उतरलेल्या माणसांच्या मधून, आणि गोदामाचं शटर शिफ्टसाठी वर घेतलेलं होतं त्यातून आत.

थोड्याच वेळात दादांचा मोबाईल वाजला. गोदामाचा मॅनेजर होता. आवाज इतका मोठा की आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. "सर, आपका सुवर हमारे यहां घुस गया है."

"माझं कसं?" दादा म्हणाले.

"जगह आपकी है, सर."

आम्ही ओढा ओलांडून गेलो. आत हा गोंधळ. लोक रॅकवर चढून बसलेले, कुणी मोबाईल धरून शूटिंग करतंय, कुणी मधूनच "उधर गया, उधर गया" ओरडतंय. डुक्कर रजयांच्या गठ्ठ्यांमागे जाऊन उभं होतं आणि फुरफुरत होतं. शेठ दादांना म्हणाले, "दादा, अब बताओ, जवळ आहे की लांब?" शेठनी आयुष्यात मराठीत मारलेला टोमणा मी तेवढा एकच ऐकला.

वनरक्षक मुलीने सूत्रं हाती घेतली. सगळ्यांना गप्प केलं, पुढचं शटर बंद करवलं, डोंगराकडचं मागचं शटर उघडायला लावलं आणि तिथे कुणी उभं राहायचं नाही म्हणून बजावलं. बंदूक तिने उघडी, रिकामी करून माझ्या नवऱ्याकडे दिली होती. दादांना ते बरं दिसेना. इतकी माणसं शूटिंग करताहेत आणि आपल्या हातात काही नाही. त्यांनी ती भावाकडून घेतली आणि फोटोत यावं म्हणून मागच्या शटरच्या कडेला जाऊन उभे राहिले. बंदूक मधोमध मोडलेली, नळ्या जमिनीकडे लोंबत होत्या.

आतला आवाज शांत झाला. डुक्कर बाहेर आलं. पळत नाही, चालत आलं. उंबऱ्यावर थांबलं, दादांकडे पाहिलं. हात लांब केला असता तर पाठीला लागला असता. दादा हलले नाहीत. डुकराने त्यांचा पांढरा बूट हुंगला, फुस्स केलं आणि ते झुडपांत शिरलं.

दादा धोतरात नव्हते म्हणून बरं, नाहीतर ते तिथेच सुटलं असतं.

संध्याकाळपर्यंत ही हकीकत नाक्यावर पोहोचली होती, पण तिथे ती वेगळी होती. दादांनी जनावर नळीच्या टप्प्यात आलेलं असताना जीवदान दिलं. दुसऱ्या दिवशी त्यात असं आलं की ती मादी होती आणि गाभण होती, आणि हे दादांना नजरेवरून कळलं. शिफ्टच्या बसबद्दल कुणी काही बोललं नाही. मी एकदा जेवताना विषय काढला. दादांनी ताटातला हात थांबवला आणि म्हणाले, "मला माहीत आहे." मग पुन्हा जेवायला लागले. मी परत कधी काढला नाही.

पुढे निवडणूक आली. निवडणुकीत लायसनच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. दादांनी केली. ती सुटते न सुटते तो दुसरी निवडणूक, मग तिसरी. आमच्याकडे कुठली ना कुठली निवडणूक चालूच असते. बंदूक आमच्या घरापेक्षा ठाण्यात जास्त राहिली. घरी आली की दादा तिला तेलपाणी करत, सोफ्यावर आडवी ठेवून बघत आणि परत नेऊन देत. लेक सासरी पोचवायला जावं तसं.

तेवढ्यात त्या शेताला रस्ता झाला. शेजारच्या गोदामवाल्याने स्वतःच्या सोयीसाठी केला आणि दादांची बापजाद्यांची आठवण दोन महिन्यांत भाड्याने गेली. जाऊबाई एक दिवस जाऊन बांधावर बसून आल्या. पाड्यावरच्या म्हातारीची सून आता त्याच गोदामात झाडलोट करते.

आणि मग लायसनच्या नूतनीकरणाची वेळ आली. चौकशीला एक साहेब आले. सज्जन माणूस. चहा घेऊन त्यांनी विचारलं, "पीकसंरक्षणासाठी बंदूक आहे ना? पीक कुठे आहे?"

आधी पीक राखायला बंदूक होती. आता बंदूक राखायला पीक हवं होतं. दादांना ही कल्पना आधीच सुचलेली होती. ते साहेबांना घरामागे घेऊन गेले. गोदामाच्या भिंतीलगत, ड्रेनेजच्या झाकणापासून जनरेटरच्या खोलीपर्यंत, भेंडीच्या दोन ओळी होत्या.

साहेबांनी भेंडीकडे पाहिलं, मग चहूबाजूंच्या पत्र्याच्या भिंतींकडे पाहिलं. "इथे रानडुकरं येतात?"

"येतील," दादा म्हणाले.

जाऊबाईंनी पदर तोंडाला लावला आणि आत निघून गेल्या. साहेब खाली वाकले, एक भेंडी मोडून पाहिली. जाताना त्यांना पिशवीभर दिली. लायसनचं काम झालं.

आता ती भेंडी घरात कुणी तोडायची यावरून वाद असतो, कारण ती जून झाली तर पिकाकडे लक्ष नाही असं दिसेल अशी दादांना भीती. बहुतेक रविवारी मीच तोडते. मागच्या रविवारी तोडायला गेले तर एका ओळीच्या बुडाशी माती उकरलेली दिसली. मी दादांना हाक मारली. ते बनियनवरच धावत आले, खाली बसले, मातीत बोट घालून पाहिलं आणि वर माझ्याकडे बघून असे हसले की मला त्यांची दया आली. मोबाईल आणायला आत पळाले. अर्जाला फोटो लागतात.

जाऊबाई हातातलं काम टाकून आल्या. उकरलेलं बघितलं, भिंतीच्या कडेचं बीळ बघितलं.

"घूस हाय," त्या म्हणाल्या आणि संध्याकाळी कांदाभजी लावून पिंजरा ठेवला. सकाळी घूस सापडली.